आधी मुळं बघा, मग पाणी घाला

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

आपल्या हॉस्टेलवर दरवर्षी नेमानं घडणारी एक गोष्ट म्हणजे टेबलावरचा कॅक्टस मरणं. जुलै-ऑगस्टमध्ये नवीन रूम मिळते, हौसेनं एक छोटी कुंडी येते, आणि सेमिस्टरची परीक्षा यायच्या आत ती कुंडी पेनस्टँड झालेली असते. "अरे, कॅक्टसला तर काहीच लागत नाही म्हणतात, मग हा गेलाच कसा?" हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत एवढ्या जणांनी विचारलाय की आमच्या विंगमध्ये माझं नाव 'डॉक्टर' पडलंय. पेशंट बहुधा शेवटच्या घटकेला येतात, तो भाग वेगळा.

या पेशंटांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते. दुर्लक्षानं गेलेली झाडं थोडी आणि काळजीनं गेलेली जास्त. झाड सुरकुततं, मालक घाबरून पाणी घालतो. झाड आणखी सुरकुततं, मालक आणखी पाणी घालतो. आठवड्याभरात झाड बुडापासून सुटून हातात येतं. यात मालकाचं प्रेम खोटं नसतं, निदान चुकलेलं असतं. कारण सुरकुत्या तहानेनं पडतात तशाच मुळं कुजल्यानंही पडतात. लक्षण एक, कारणं एकमेकांच्या बरोबर उलट, आणि एकावरचं औषध ते दुसऱ्यावरचं विष. एवढी एक गोष्ट पटली तरी या लेखाचं काम झालं. बाकीचं सविस्तर सांगतो.

थोडी थिअरी (व्हायवात विचारणार नाहीत)

जवळपास सगळे कॅक्टस हे सक्युलंट, म्हणजे अंगात पाणी साठवणारे. पण सगळे सक्युलंट कॅक्टस नव्हेत. ओळख सोपी आहे. कॅक्टसचे काटे एका लवदार छोट्या गादीतून निघतात, तिला एरिओल म्हणतात. फड्या निवडुंगावर या गाद्या स्पष्ट दिसतात. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग किंवा शेर मात्र कॅक्टस नाही, तो युफोर्बिया. त्याला गादी नसते आणि खरचटलं की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, हे लक्षात ठेवा. कोरफड, पानफुटी, जेड, हावर्थिया, स्नेक प्लांट ही सगळी कॅक्टस नसलेली सक्युलंट मंडळी.

बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी त्यांचं पाणीही उडून जातं. कॅक्टस आणि बरेचसे सक्युलंट हे काम रात्रपाळीत करतात. रात्री रंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा दारं बंद करून उन्हावर तो वापरायचा. गंमत म्हणजे याची एक सुरुवातीची खूण भारतात टिपली गेली. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीची पानं सकाळी आंबट लागतात आणि दिवस चढेल तसा आंबटपणा जातो, हे पाहिलं. त्याचं ते पत्र 1815 मध्ये छापलं गेलं. (तुम्ही चाखू नका, ही झाडं विषारी असतात.)

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी की हे झाड पाणी फार सावकाश पितं. तुळशीची कुंडी दोन दिवसांत वाळते, कॅक्टसची त्याच मातीत आठवडाभर ओली राहते. ओल्या मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. मुळं गुदमरतात, मग बुरशी येते आणि कूज सुरू होते. आता मुळंच नाहीत म्हटल्यावर कुंडीत पाणी असूनही झाड उपाशी. म्हणून सुरकुत्या!

तपासणी कशी करायची

सर्किट चालत नसलं तर आपण आधी सप्लाय तपासतो, एकदम आयसी बदलत नाही. इथंही तसंच.

पहिलं, कुंडी उचलून बघा. कोरडी कुंडी चटकन हलकी लागते. दुसरं, आइस्क्रीमची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. ओलसर आली किंवा माती चिकटली तर पाणी आहे. वरची माती कोरडी दिसते यावर जाऊ नका. नर्सरीतली झाडं बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटमध्ये असतात आणि ते वरून वाळलं तरी पोटात ओलं असतं. तिसरं, शंका आली की झाड सरळ कुंडीतून बाहेर काढा. वर्तमानपत्राच्या चार घड्या करून पट्टा गुंडाळला की काटे लागत नाहीत. झाड बाहेर काढलं म्हणून मरत नाही. आठवडाभर उघड्या मुळांनी सावलीत पडलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

चांगली मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि ताठ असतात. कुजलेली मुळं काळपट, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सुटून येतं आणि आत दोऱ्यासारखा धागा राहतो.

आता निर्णय सोपा. माती कोरडी, मुळं ठणठणीत, झाड सुरकुतलेलं, तर त्याला तहान लागली आहे. खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी द्या, दोन-चार दिवसांत अंग धरतं. पण माती ओली आणि झाड सुरकुतलेलं असेल तर पाण्याचा तांब्या लांब ठेवा. मेलेली मुळं कापा, झाड सावलीत आठवडाभर वाळवा आणि कोरड्या नव्या मातीत लावा. पाणी आणखी आठवड्यानं, तेही थोडं.

बूड मऊ पडलं तर

इथं वेळ महत्त्वाचा. जमिनीलगत रंग काळपट-तपकिरी, अंगठ्यानं दाबलं तर आत जातं, कधी वासही येतो. ही कूज वर चढते. "बघू, बरं होईल" म्हणण्यात अर्थ नाही. खालचा भाग गेला, आता वरचा वाचवायचा.

आमच्या जिन्याजवळचा उंच सीरियस तुम्ही पाहिलाच असेल. किती बॅचेस जुना आहे ते कोणालाच नक्की माहीत नाही. पास होऊन जाणारे पुढच्यांच्या स्वाधीन करून जातात, एवढंच. गेल्या जुलैत गच्चीवरचा पाइप तुंबला आणि पंधरा दिवस पाण्याची धार नेमकी त्या कुंडीत. बूड मऊ पडलं. वर्कशॉपच्या मामांनी हॅकसॉ दिली, चौघांनी झाड पोत्यात गुंडाळून धरलं आणि आम्ही कापलं. काप पाहिला तर मधल्या वर्तुळात तपकिरी ठिपके. म्हणजे कूज अजून वर होती. चार बोटं वर पुन्हा कापलं, पुन्हा ठिपके. तिसऱ्या वेळी काप स्वच्छ, हिरवट-पांढरा आला. तिथंच थांबलो. एक ठिपका जरी राहिला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून इथं कंजूषपणा करायचा नाही. मग तीन आठवडे व्हरांड्यात रिकाम्या बादलीत उभा ठेवला. कापाला टणक खपली धरली, तेव्हा कोरड्या खडीमिश्रित मातीत रोवला आणि काठ्यांचा आधार दिला. ऑक्टोबरात हलवून पाहिलं तर हलेना. मुळं फुटली होती! उंची दीड फुटानं कमी झाली, पण यंदाच्या बॅचच्या स्वाधीन करायला झाड आहे.

छोट्या झाडाला हीच पद्धत लागू. ब्लेड प्रत्येक कापाआधी स्पिरिटनं पुसायचं, नाहीतर आपणच कूज वर नेतो. कापावर गंधकाची पूड लावली तर उत्तम. लहान झाडाचा काप आठवड्यात वाळतो, जाड खोडाला दोन-चार आठवडे द्यावे लागतात. युफोर्बिया कापताना हातमोजे आणि चष्मा घालायचाच.

डाग: बोटानं ओळखा

तपकिरी डाग दिसला की सगळे घाबरतात. पण डागांचे तीन प्रकार आहेत आणि डोळ्यांपेक्षा बोट चांगलं सांगतं.

डाग मऊ आहे आणि दिवसागणिक पसरतोय, तर कूज. वर सांगितलेलं ऑपरेशन.

डाग कडक आहे, फक्त उन्हाच्या बाजूला आहे, आधी पांढरट-पिवळा होता मग खाकी झाला, तर ऊन लागलंय. रूममधलं झाड एकदम एप्रिलच्या गच्चीवर नेलं की हे होतं. डाग जाणार नाही, पण वाढणारही नाही. झाड सावलीत आणा आणि नंतर रोज तासाभरानं ऊन वाढवत दोन-तीन आठवड्यांत सवय लावा.

डाग कडक आहे, सालीसारखा आहे आणि बुडापासून सगळीकडून सारखा वर चढतोय, तर ते वय. जुन्या खोडाची साल टणक होतेच. काही करू नका.

चौथी एक शक्यता, म्हणजे उभी चीर. बरेच दिवस कोरडं ठेवून एकदम धो धो पाणी दिलं की आतला भाग फुगतो आणि साल फाटते. चीर कोरडी राहू दिली की व्रण धरून बरी होते.

अंगापेक्षा उंची जास्त

गोल कॅक्टसला वर शेंडी फुटून तो बाटलीसारखा होतो, किंवा एचिव्हेरियाची गुलाबासारखी गुंडी मोकळी होऊन पानापानात अंतर पडतं. लोकांना वाटतं झाड जोमात आहे. खरं तर ते उजेड शोधत धावतंय. आपले डोळे मंद उजेडाला लगेच सरावतात, त्यामुळं खोलीच्या आतला कोपरा आपल्याला लख्ख वाटतो. तिथं खिडकीतल्या उजेडाचा छोटासा अंशच पोचतो. रात्रभर चालू असलेली ट्यूबलाइट ही भरपाई करत नाही (सबमिशनची करते!).

निमुळता झालेला भाग पुन्हा जाड होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खिडकीच्या कट्ट्यावर आणा, ऊन हळूहळू वाढवा, आठवड्याला कुंडी पाव फेरी फिरवा. एचिव्हेरियाचा शेंडा कापून, चार-पाच दिवस वाळवून वेगळा लावता येतो आणि उरलेल्या बुंध्यालाही फुटवे येतात. म्हणजे एकाची दोन झाडं. कट्टाच नसलेल्या रूमवाल्यांनी हावर्थिया किंवा स्नेक प्लांट आणावं, ती कमी उजेडात निभावतात.

कापूस लागलाय!

काट्यांच्या बेचक्यात किंवा पानांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि त्याची राखणही करतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की भिंग घेऊन बसा.

उपाय असा: केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट, त्यात इअरबड बुडवायचा आणि प्रत्येक पुंजक्याला लावायचा. संध्याकाळी करा, ओल्या अंगावर ऊन नको. मच्छर अगरबत्तीशेजारी करू नका, स्पिरिट पेटतं. मुख्य म्हणजे एकदा करून भागत नाही. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात, म्हणून दर आठवड्याला असं तीन-चार वेळा. एचिव्हेरियाच्या पानावर निळसर मेणाची झाक असते. ती स्पिरिटनं आणि तेलानं जाते, तिथं हलक्या हातानं नेमकं लावा. वर काही दिसत नाही तरी झाड खंगतंय, तर बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी असेल तर ढेकूण मुळांना लागलाय. माती टाका, मुळं धुवा, कुंडी साबणानं घासा, आठवडाभर वाळवून नव्या मातीत लावा.

उन्हाळ्यात शेंड्याकडून खाकी, धुरकट रंग चढू लागला आणि बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला कोरडी, गरम हवा मानवते. पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा. वाढला तर पाण्यात मिसळणारं गंधक, ऊन उतरल्यावर.

या कीटकांना किरकोळ समजू नका. पिठ्या ढेकणाचा एक नातेवाईक म्हणजे कोचिनियल किडा, ज्याच्यापासून किरमिजी रंग मिळतो. 1795 मध्ये रंगाच्या धंद्यासाठी म्हणून तो भारतात आणला, पण जात भलतीच निघाली. रंग चांगला मिळाला नाही. मात्र त्या किड्यानं फड्या निवडुंगाच्या एका जातीचा मोठ्या प्रमाणावर फडशा पाडला. पुढं 1926 मध्ये दक्षिण भारतात माजलेल्या दुसऱ्या जातीवर त्याच कुळातला दुसरा किडा मुद्दाम सोडला आणि तोही लागू पडला. जे रानच्या रान संपवतात, त्यांच्या भाऊबंदांना आपली चार इंची कुंडी म्हणजे नाश्ता. म्हणून नवीन आणलेलं झाड पहिले तीन-चार आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

माती: इथं सिव्हिलवाल्यांचं ऐका

काँक्रीटसाठी आपण सगळ्या आकारांची खडी-वाळू घेतो, म्हणजे मोठ्यांमधल्या पोकळ्या बारीक कण भरून काढतात. कॅक्टसच्या मातीत नेमकं उलट हवं. पोकळ्या राहिल्या पाहिजेत, कारण त्यातच हवा असते. म्हणून बारीक वाळू घालू नका, ती पोकळ्या बुजवते. लॅबमधल्या 4.75 मिमीच्या चाळणीतून पडलेली आणि 2.36 मिमीवर उरलेली खडी किंवा विटांचे तुकडे अगदी झकास. धूळ धुऊन टाका. असे दोन भाग आणि चाळलेली माती व जुनं शेणखत मिळून एक भाग. काळी माती नको. ती फुगते, पाणी धरते आणि वाळली की तडकून मुळं तोडते.

एक गैरसमज काढून टाकू. "तळाला खडीचा थर दिला की निचरा सुधारतो," असं सगळे सांगतात. बारीक मातीतल्या पोकळ्या केशाकर्षणानं पाणी धरून ठेवतात. खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते पाणी वरची माती तुडुंब भिजल्याशिवाय उतरत नाही. त्यामुळं तळाशी राहणारा ओला थर नाहीसा होत नाही, खडीच्या उंचीइतका वर सरकतो, थेट मुळांपाशी. खडी घालायचीच तर सगळ्या मातीत मिसळा. भोक बुजू नये म्हणून एक खापरीचा तुकडा पुरे. आणि भोक नसलेला कॉफी मग कितीही छान दिसला तरी ती कुंडी नव्हे. मातीची कुंडी अंगातूनही पाणी सोडते, पावसाळी हवेत तीच बरी.

पाणी कोणतं, किती

'दर रविवारी' वगैरे टाइमटेबल नको. काडी तळापर्यंत कोरडी आली की पाणी, नाहीतर नाही. दिलं की भरपूर द्यायचं. रोज चमचाभर देऊन फक्त वरची माती ओली होते.

मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खर जमत असेल तर ते पाण्यातले क्षार. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं की माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह घेता येत नाही आणि नवी वाढ पिवळी येते. वॉटर कूलरच्या आरओमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते. वृत्ती चांगली, पण त्या पाण्यात गाळून काढलेले क्षारच एकवटलेले असतात. ते फरशी धुवायला वापरा. कॅक्टससाठी पावसाचं पाणी बादलीभर झाकून ठेवा आणि दोनेक वर्षांनी माती बदला.

आजार नसलेले आजार

जेड किंवा एचिव्हेरियाची अगदी खालची पानं कागदासारखी वाळून गळली तर ती म्हातारी पानं. तीच पानं पिवळी, पारदर्शक, पाणीदार होऊन गळली तर मात्र पाणी जास्त झालंय.

डिसेंबर-जानेवारीत बरेच कॅक्टस वाढत नाहीत. ती त्यांची झोप. त्या काळात खत नाही, पाणी अगदी नावापुरतं. हा कोरडा गारवा मिळाला तर पुढं फुलं येण्याची शक्यता वाढते. आपल्या सह्याद्रीतली शिंदळ माकुडी घ्या. जगात फक्त महाराष्ट्रात आढळणारं हे सक्युलंट शिवनेरीसारख्या ठिकाणच्या कड्यांवर वाढतं. पावसाळ्यात पानं धरतं आणि कोरड्या दिवसांत सगळी गाळून नुसत्या मांसल फांद्यांवर राहतं. ते पाहून कोणी तांब्या घेऊन कड्यावर धावत नाही, आणि म्हणूनच ते टिकलंय. (दुर्मिळ झाड आहे. ट्रेकला गेलात तर फोटो काढा, फांदी तोडू नका.)

घेताना आणि सुट्टीला जाताना

लाल-पिवळा गोळा असलेला 'मून कॅक्टस' हे एक झाड नसून दोन आहेत. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, म्हणून तो खालच्या हिरव्या खोडावर कलम करून जगवलेला असतो. ते खोड बहुधा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचं. गोळा सुटा करून मातीत लावला तर जगणार नाही, आणि चांगलं सांभाळूनही ही जोडी काही वर्षांचीच सोबती. डोक्यावर सुकलेलं रंगीत फूल असेल तर हलवून बघा, गोंदानं चिकटवलेलं असतं. खडे चिकटवून थर केलेला असेल तर तो फोडून काढा, नाहीतर माती ओली की कोरडी ते कळणारच नाही.

मे महिन्यात घरी जाताना रूममेटला "रोज पाणी घाल रे" असं बजावून जाऊ नका, तो बिचारा खरंच घालेल. जायच्या चार दिवस आधी एकदा नीट पाणी द्या आणि कुंडी कडक उन्हातून काढून उजेडाच्या सावलीत ठेवा. मध्यम आकाराचं निरोगी झाड महिनाभर काढतं. अगदी दोन इंची कुंड्यांना पंधरा-वीस दिवसांनी कोणीतरी एकदा पाणी दिलं तर पुरे. मात्र जूनच्या पहिल्या पावसाआधी कठड्यावरच्या कुंड्या आत घ्यायची जबाबदारी कोणावर तरी सोपवून जा. उन्हाळ्यात तहानलेलं झाड वाचवता येतं, पावसात कुजलेलं फार क्वचित.

एवढं करूनही काही अडलं तर कुंडी घेऊन खुशाल रूमवर या. सर-मॅडमनाही आग्रहाचं निमंत्रण. फक्त येण्याआधी तिला पाणी घालू नका.